हवेमागून इंधन : सुपरचार्ज व टर्बोचार्ज मोटार-इंजिनांच्या इंधनपुरवठ्याचा इतिहास (१९०५–२०१४)

सारांश

अंतर्ज्वलन इंजिनात वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक दाबाने हवा भरण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. तरीही ती सामान्य मोटारीत रुजण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. या विलंबाचे प्रमुख कारण हवा दाबणाऱ्या यंत्रात नव्हते. वाढलेल्या हवेच्या प्रमाणात, अचूक व क्षणोक्षणी बदलणारा इंधनपुरवठा करण्याची साधने उपलब्ध नव्हती, हे खरे कारण होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कार्ब्युरेटर, यांत्रिक फवारणी व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण या तीन टप्प्यांच्या आधारे त्याची मांडणी येथे केली आहे.

१. प्रस्तावना

मोटारींच्या इतिहासावरील लेखनात सुपरचार्जर व टर्बोचार्जर या दोन साधनांना मानाचे स्थान मिळाले आहे. गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ च्या सुमारास इंजिनात दाबाने भरण करण्याचा विचार मांडला. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये निष्कास-वायूंच्या ऊर्जेवर चालणाऱ्या भरणयंत्राचे एकस्व घेतले. पुढे याच कल्पनेचे टर्बोचार्जर झाले. या नोंदी बहुतेक ग्रंथांत आढळतात. मात्र हवा अधिक भरल्यानंतर तिच्या जोडीला लागणारे इंधन कोठून, कसे व किती यावे, या प्रश्नाचा इतिहास बहुधा तळटीपांतच राहतो. वस्तुतः पंखा किंवा फिरते दाते वापरून हवा कोंबणे हे तुलनेने सोपे काम होते. त्या हवेचे माप घेऊन तिला साजेसे इंधन देणे हे अवघड होते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात दिसणाऱ्या यंत्राला श्रेय मिळते आणि मोजमाप करणारे साधन पडद्याआड राहते. प्रस्तुत विषय हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

२. प्रश्नाचे स्वरूप

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक किलोग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. कमाल शक्ती मात्र त्याहून समृद्ध, म्हणजे सुमारे १२.५ : १ या प्रमाणाच्या मिश्रणातून मिळते. दाबाने हवा भरलेल्या इंजिनात पूर्ण भार असताना हे प्रमाण परंपरेने आणखी समृद्ध, १२ : १ च्या खालीही ठेवले गेले आहे. त्यामागील कारण शक्तीचे नसून उष्णतेचे आहे. हवा दाबली की ती तापते. सिलिंडरात तिचे पुन्हा संपीडन होते आणि ठिणगी पडण्यापूर्वी वा पडल्यानंतर मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकण्याचा धोका निर्माण होतो. कारागीर ज्याला नॉकिंग म्हणतात तो हाच प्रकार. ज्यादा इंधनाची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते, म्हणून येथे इंधन जळणाबरोबरच शीतक म्हणूनही काम करते.

साध्या इंजिनात मिश्रण काहीसे विरल झाले तर गाडी अडखळते, शक्ती घटते आणि चालकाला दोष कळतो. दाबाने भरलेल्या इंजिनात पूर्ण भारावर तेच घडले तर पिस्टनचा माथा अल्पावधीत वितळू शकतो. त्यामुळे पुरेसे इंधन पोहोचणे ही येथे कार्यक्षमतेची बाब राहत नाही, ती यंत्राच्या अस्तित्वाची अट ठरते. डिझेल इंजिनाला ही अडचण नाही. त्यात हवा नेहमीच गरजेपेक्षा अधिक असते आणि इंधन कमी पडल्यास केवळ शक्ती कमी होते. टर्बोचार्जर आधी जहाजांच्या व मालवाहू वाहनांच्या डिझेल इंजिनांत स्थिरावला आणि पेट्रोल मोटारीत उशिरा आला, याचा मोठा उलगडा या भेदातून होतो.

३. कार्ब्युरेटर कोठे बसवावा?

पहिल्या महायुद्धात उंचावरील विरळ हवेवर उपाय म्हणून विमानांच्या इंजिनांसाठी सुपरचार्जरचे प्रयोग झाले. तो अनुभव घेऊन डाइमलर कंपनीने १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात सुपरचार्जर बसवलेल्या मर्सिडीज मोटारी सादर केल्या. या मोटारींत चालकाने पायखटका पूर्ण दाबला की सुपरचार्जर जोडला जाई आणि तो कार्ब्युरेटरमधून हवा पुढे ढकली. यातील अडचण सहज लक्षात येण्याजोगी आहे. कार्ब्युरेटरचे कार्य दाबातील फरकावर चालते. नळीत वाहत्या हवेचा दाब कमी होतो आणि फ्लोट चेंबरमधील इंधन त्या फरकामुळे वर ओढले जाते. नळीतच बाहेरून दाब आला तर इंधन वर येण्याऐवजी मागे ढकलले जाईल. म्हणून फ्लोट चेंबरलाही तोच वाढीव दाब पोहोचवणे आणि टाकीकडून येणारे इंधन त्याहून अधिक दाबाने आणणे भाग पडे.

दुसरा मार्ग कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी बसवण्याचा होता. १९२३ मध्ये फियाटच्या मोटारीने मोंझा येथे विजय मिळवून सुपरचार्जरची उपयुक्तता ग्रां प्री शर्यतींत सिद्ध केली. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, ब्रिटनच्या सनबीम मोटारीत कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढून घेणारी रचना आली. या रचनेत कार्ब्युरेटर नेहमीच्या वातावरणीय दाबात काम करतो. इंधनाची वाफ सुपरचार्जरच्या आतच होते, त्यामुळे भरण थंड व दाट राहते. १९२९–३० मधील प्रसिद्ध सुपरचार्ज बेंटलीमध्ये इंजिनाच्या पुढे बसवलेल्या सुपरचार्जरला दोन एस.यू. कार्ब्युरेटर जोडलेले होते. ही रचना याच परंपरेतील. अर्थात तिच्याही मर्यादा होत्या. सुपरचार्जर व पुढील सर्व नळ्या ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेल्या असत आणि उलट भडका उडाल्यास नुकसान मोठे होई.

मर्सिडीजने आपली मूळ रचना दीर्घकाळ सोडली नाही. १९३७ च्या शर्यतींच्या हंगामात डब्ल्यू १२५ या मोटारीत अखेर मिश्रण ओढून घेणारी पद्धत स्वीकारण्यात आली. सोळा वर्षे चाललेला हा मतभेद सुपरचार्जरच्या रचनेविषयी नव्हता. इंधन हवेत कोठे मिसळावे, एवढाच त्यातील वादाचा मुद्दा होता.

४. इंधन हेच शीतक : अल्फा रोमिओचा धडा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ग्रां प्री नियमांनुसार १.५ लिटरचे सुपरचार्ज इंजिन किंवा ४.५ लिटरचे साधे इंजिन असे दोन पर्याय होते. पहिल्या पर्यायाचे सर्वोच्च रूप म्हणजे अल्फा रोमिओची १५८ व तिची सुधारित आवृत्ती १५९. दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरमुळे दीड लिटरच्या या इंजिनातून १९५१ पर्यंत ४०० हून अधिक अश्वशक्ती मिळू लागली.

ही शक्ती मिथेनॉलप्रधान इंधनातून येत होती. मिथेनॉलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाच्या केवळ ६.४ पट हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक मिथेनॉल द्यावे लागते. त्याची वाफ होताना शोषली जाणारी उष्णताही पेट्रोलच्या सुमारे तिप्पट असते. अभियंत्यांनी या गुणधर्माचा पुरेपूर वापर केला आणि इंधनाचा काही भाग निव्वळ इंजिनाचे अंतर्भाग थंड राखण्यासाठी खर्च केला. परिणामी १०० किलोमीटरला दीडशे लिटरहून अधिक इंधन लागू लागले.

१४ जुलै १९५१ रोजी सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये होसे फ्रोइलान गोन्झालेस यांनी ४.५ लिटरच्या साध्या इंजिनाच्या फेरारीने अल्फाला पराभूत केले. अल्फाची मोटार जड टाक्यांसह धावत होती आणि इंधन भरण्याच्या थांब्यात तिचा वेळ अधिक गेला. त्या वर्षीचे अजिंक्यपद हुआन मॅन्युएल फांजिओ यांनी अल्फातूनच मिळवले. परंतु हंगामाअखेरीस कंपनीने शर्यतींतून माघार घेतली. हवा कोंबण्याची मर्यादा अजून आली नव्हती, पण इंधन वाहून नेण्याची मर्यादा आली होती.

५. १९६२ : दोन अमेरिकी प्रयोग

टर्बोचार्जर लावलेल्या पहिल्या दोन उत्पादित प्रवासी मोटारी अमेरिकेत १९६२ मध्ये आल्या. दोन्ही जनरल मोटर्सच्याच होत्या. मात्र इंधनाच्या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध होती.

शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडरमध्ये संपीडन गुणोत्तर घटवून ८ : १ करण्यात आले. एकाच कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढून टर्बोचार्जर ते इंजिनाला पुरवीत असे. दाब मर्यादित ठेवणारी स्वतंत्र झडप तीत नव्हती. कार्ब्युरेटरची अरुंद नळी व निष्कास-मार्गातील अडथळा यांमुळे दाब आपोआपच आवरला जाई. अर्थात ज्या साधनाने इंधन द्यायचे त्याचीच अपुरी क्षमता येथे सुरक्षेचे साधन बनली होती.

ओल्ड्समोबिल जेटफायरच्या निर्मात्यांनी १०.२५ : १ हे उच्च संपीडन गुणोत्तर कायम ठेवले. नॉकिंग रोखण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण दाब वाढताच इंजिनात फवारले जाई. कंपनीने त्याला ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असे नाव दिले होते. टाकी रिकामी झाल्यास दाब मर्यादित करणारी व्यवस्थाही होती. तांत्रिकदृष्ट्या हा उपाय निर्दोष म्हणावा असाच होता. पण मालकांच्या सवयीत तो बसला नाही. अनेकांनी टाकी भरलीच नाही आणि मग गाडी मंद असल्याची तक्रार केली. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली आणि पुढे कंपनीने अनेक मोटारींवरील टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. चालकाच्या दक्षतेवर अवलंबून असलेला इंधनपुरवठा सामान्य मोटारीत टिकत नाही, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

६. यांत्रिक फवारणी

कार्ब्युरेटरला पर्याय विमानविद्येत आधीच सिद्ध झाला होता. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीच्या डाइमलर-बेंझ डीबी ६०१ या सुपरचार्ज इंजिनात बॉशच्या पंपाद्वारे इंधन थेट सिलिंडरात फवारले जाई. ब्रिटिश मर्लिन इंजिनाचा कार्ब्युरेटर विमान एकाएकी खाली झुकल्यास इंधन तोडत असे. १९४१ मध्ये बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंत्रीने इंधनमार्गात छिद्र असलेली छोटी चकती बसवून त्यावर तात्पुरता पण परिणामकारक तोडगा काढला. बॉशच्या याच अनुभवातून १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल मोटारीत थेट फवारणी आली, जरी ते इंजिन सुपरचार्ज नव्हते.

टर्बोचार्जरला यांत्रिक फवारणी जोडताना नवा प्रश्न उभा राहिला. फवारणीचा पंप इंजिनाचे फेरे व थ्रॉटलची स्थिती यांवरून इंधनाचे माप ठरवी. साध्या इंजिनात या दोन गोष्टींवरून हवेचे प्रमाण कळते. टर्बोचार्जर मात्र निष्कास-वायूंच्या वेगानुसार हळूहळू वेग घेतो. त्यामुळे थ्रॉटल तेवढेच उघडे असूनही हवा क्षणाक्षणाला बदलते. कॅन-अ‍ॅम शर्यतींसाठी पोर्शने १९७२ मध्ये आणलेल्या ९१७/१० मोटारीच्या विकासात हाच अडसर होता. इंजिनाची कमाल शक्ती भरपूर होती, पण मधल्या टप्प्यांत ते चालकाच्या हाती येत नव्हते. हान्स मेत्झगर, व्हॅलेंटिन शेफर व चालक-अभियंता मार्क डोनोह्यू यांच्या प्रयत्नांतून भरणदाबाशी जुळणारा इंधनपुरवठा साधला. १९७३ च्या ९१७/३० मधून सुमारे १,१०० अश्वशक्ती मिळाली. पुढच्याच वर्षी तेलसंकटाच्या पार्श्वभूमीवर संयोजकांनी गॅलनला किमान तीन मैल अशी अट घातली आणि या मोटारीची सद्दी संपली.

रस्त्यावरील मोटारींत बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये २००२ टर्बो आणली. कुगेलफिशरच्या यांत्रिक फवारणीच्या साह्याने तिने १७० अश्वशक्ती दिली. मात्र तिचे संपीडन गुणोत्तर ६.९ : १ इतके खाली आणावे लागले. तेलसंकटात सापडून केवळ १,६७२ मोटारींनंतर तिचे उत्पादन थांबले.

खरे वळण दिले ते बॉशच्या के-जेट्रॉनिक प्रणालीने. तीत हवेच्या मार्गात एक गोल तबकडी असते. हवेचा प्रवाह जेवढा अधिक तेवढी ती उचलली जाते आणि तरफेद्वारे त्या प्रमाणात इंधनाचा मार्ग उघडते. येथे हवेचा अंदाज थ्रॉटलवरून बांधावा लागत नाही, ती प्रत्यक्ष मोजली जाते. तबकडी टर्बोचार्जरच्या आधी बसवलेली असल्याने टर्बो कितीही उशिरा वा लवकर वेग घेवो, आत ओढलेल्या हवेबरोबर इंधन वाढतेच. १९७४ मध्ये सादर झालेली पोर्शे ९११ टर्बो व १९७७ मधील साब ९९ टर्बो या दोन्ही मोटारी याच प्रणालीवर उभ्या राहिल्या. जेटफायरला जे साधले नाही ते साबला साधले, ही बाब आपल्या प्रतिपादनाला पुष्टी देणारी आहे. अर्थात तबकडी पूर्ण उचलली गेली की या प्रणालीचे मापन तेथेच संपत असे.

७. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि त्याचे गणित

विद्युत इंजेक्टर ठरावीक दाबाखाली इंधन ठेवतो आणि काही सहस्रांश सेकंद उघडून ते फवारतो. त्यामुळे इंधनपुरवठ्याचा प्रश्न दाब व वेळ या दोन राशींत मांडता येऊ लागला.

उदाहरणादाखल १५० किलोवॉट, म्हणजे सुमारे २०० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे टर्बोचार्ज इंजिन घेऊ. समृद्ध मिश्रणावर ते दर किलोवॉट-तासाला सुमारे ३६० ग्रॅम पेट्रोल घेते असे मानल्यास ताशी ५४ किलोग्रॅम, अर्थात प्रत्येक इंजेक्टरमागे १३.५ किलोग्रॅम इंधन लागेल. मिनिटाला ६,००० फेरे असताना इंजिनाचे एक पूर्ण आवर्तन २० सहस्रांश सेकंदांत संपते. इंजेक्टर त्यातील ८० टक्के वेळच उघडा ठेवायचा म्हटल्यास त्याची क्षमता ताशी सुमारे १७ किलोग्रॅम, म्हणजे मिनिटाला ३८० घन सेंटिमीटरच्या आसपास असावी लागते. तोच इंजेक्टर मंद गतीला मात्र अत्यल्प इंधन अचूकपणे देऊ शकला पाहिजे. मोठा इंजेक्टर मंद गतीला बेताल होतो, लहान इंजेक्टर पूर्ण भाराला अपुरा पडतो. इंजिनात नंतर टर्बोचार्जर बसवणाऱ्या कारागिरांना ही कोंडी हमखास भेटते.

दुसरी बाब दाबाची. इंधननळीत वातावरणापेक्षा ३ बार अधिक दाब असेल आणि टर्बोने हवेच्या नळीत १ बार वाढीव दाब निर्माण केला, तर इंजेक्टरच्या दोन टोकांतील फरक २ बारच उरतो. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने तो सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. हवा जवळजवळ दुप्पट झालेली असताना इंधन मात्र कमी, अशी ही विपरीत स्थिती होय. उपाय म्हणून दाबनियामक एका बारीक नळीने हवेच्या नळीशी जोडतात, जेणेकरून भरणदाब वाढला की इंधनाचा दाबही तेवढाच वाढतो. फ्लोट चेंबरपर्यंत भरणदाब पोहोचवण्याची १९२१ च्या काळातील युक्ती आणि ही नळी यांचे तत्त्व एकच आहे. अर्थात वाढत्या दाबाला पंपाचा प्रवाह घटतो, म्हणून पंपही तेवढ्या ताकदीचा लागतो.

८. ‘पुरेसे’ या शब्दाचा बदललेला अर्थ

१९७७ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिन आणले आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके यांनी बीएमडब्ल्यू इंजिनाच्या ब्रॅबममधून टर्बोला पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. शक्ती आवरण्यासाठी नियामकांनी इंधनालाच लगाम घातला. १९८४ मध्ये शर्यतीत इंधन भरण्यास बंदी येऊन २२० लिटरची मर्यादा आली. १९८६ मध्ये ती १९५ व १९८८ मध्ये टर्बो मोटारींसाठी १५० लिटर झाली. टाकीत अधिक मावावे म्हणून काही संघ इंधन थंड करून भरू लागले. १९८५ च्या इमोला येथील शर्यतीत आघाडीवर असलेले आयर्टन सेना व त्यांच्यानंतर पुढे गेलेले स्टेफान योहानसन हे दोघेही इंधन संपून मागे पडले.

शीतक म्हणून इंधन उधळण्याची सोय आता उरली नव्हती. बॉश व होंडा यांच्या इलेक्ट्रॉनिक प्रणालींना म्हणूनच महत्त्व आले. १९८८ मध्ये, १५० लिटरची मर्यादा व भरणदाबावर २.५ बारचे बंधन असताना, होंडा इंजिनाच्या मॅक्लॅरेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. १९८९ मध्ये टर्बोवर बंदी आली. २०१४ मध्ये टर्बो परतला तेव्हा शर्यतीला १०० किलोग्रॅम इंधन आणि प्रवाहाला ताशी १०० किलोग्रॅम अशी दुहेरी मर्यादा होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील पहिल्या शर्यतीत दुसरे आलेले डॅनियल रिकार्डो प्रवाहमर्यादेच्या उल्लंघनामुळे बाद ठरले.

रस्त्यावरील मोटारींतही हेच घडले. थेट सिलिंडरात फवारलेले इंधन तेथेच वाफ होऊन हवा थंड करते, त्यामुळे टर्बो असूनही संपीडन गुणोत्तर फार घटवावे लागत नाही. लहान इंजिन, टर्बो व थेट फवारणी या त्रयीचे एक उदाहरण पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या मोटारीच्या रूपाने २०१३ मध्ये भारतीय बाजारात आले, १.२ लिटरच्या तिच्या इंजिनातून १०५ अश्वशक्ती मिळे. मात्र ज्यादा इंधनाने इंजिन थंड ठेवणे म्हणजे न जळलेले इंधन व कार्बन मोनॉक्साइड बाहेर सोडणे. या जाणिवेतून निष्कास-नळ्या पाण्याने थंड करण्याचे उपाय पुढे आले. बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएस या मर्यादित संख्येच्या मोटारीत पाण्याची फवारणी पुन्हा आणली. अर्धशतकापूर्वी जेटफायरमध्ये मालकाच्या दक्षतेवर सोडलेले काम येथे गणकाकडे सोपवलेले होते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, दाबाने हवा भरण्याच्या तंत्राची गती आरंभापासून इंधन मोजण्याच्या साधनांनी ठरवली. ब्यूखींचे एकस्व व साबची मोटार यांमधील सात दशकांचे अंतर प्रामुख्याने मापनाचे अंतर आहे. दुसरा, सुटलेले प्रश्न नव्या वेषात परत येतात. १९२१ ची दाबनळी व १९६२ चे पाणी पुढील पिढ्यांना पुन्हा उपयोगी पडले. म्हणून अयशस्वी प्रयोगांच्या नोंदी यशस्वी प्रयोगांइतक्याच जपल्या पाहिजेत. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा. १९५१ मध्ये ‘पुरेसे इंधन’ म्हणजे इंजिन वितळू नये एवढे इंधन, असा अर्थ होता. १९८८ पर्यंत तो शर्यत संपेपर्यंत पुरेल एवढे असा झाला. आणि त्यानंतर हवा दूषित होऊ नये एवढेच असा होत गेला. अभियांत्रिकीतील ‘पुरेसे’ ही राशी तापमान व दाब यांच्या सूत्रांतून निघते हे खरे. पण तिची वरची मर्यादा त्या त्या काळचा समाज ठरवतो. तंत्रज्ञानाचा इतिहास अभ्यासणाऱ्याने या दोन्ही मर्यादा एकत्रच वाचावयास हव्यात.